अकराव्या थांब्याची मुलगी

आमच्या कार्यालयात चार खुर्च्या आहेत, पण एक दिवस सोडला तर गाडीच्या ताई त्यांतल्या एकीवरही कधी बसल्या नाहीत. फोन करायचा म्हणजे त्या उभ्या राहायच्या. डाव्या हाताने लोखंडी कपाटाची मूठ घट्ट धरायची, पाय जरा फाकवायचे आणि मग नंबर लावायचा. एकोणीस वर्षं शाळेच्या गाडीत दारापाशी उभं राहिलेलं ते अंग होतं. कपाट अचानक ब्रेक मारणार नाही, हे त्यांच्या गुडघ्यांना काही पटत नव्हतं.

आवाजही गाडीतलाच राहिला होता. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "ताई, हा फोन आहे, इंजिन नाही. हळू बोललात तरी पोचतं."

"भाऊसाहेब, पोचलं असतं तर तुम्ही मला बोलावलं असतं का?" त्या म्हणाल्या.

खरं होतं. साथीमुळे शाळा बंद पडून दोन महिने झाले होते. शिकवणं फोनवर आलं होतं, आणि घरांना कळवण्याचं काम माझ्याकडे, म्हणजे हेडक्लार्ककडे. मी वाणिज्य शाखेचा माणूस. निवृत्तीला वर्षच उरलं होतं, आणि काम नीट आखून घ्यायची सवय हाडात मुरलेली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होते त्यांना सूचना जात होत्या. ज्यांच्याकडे साधे फोन होते त्यांना एकेक करून फोन लावायचा होता. तरी त्रेचाळीस घरांचा पत्ता लागत नव्हता. गाड्या बंद असल्यामुळे ताई रिकाम्या होत्या, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना माझ्याकडे दिलं.

मी त्यांच्यासाठी एक तक्ता छापला. अनुक्रमांक, पालकाचं नाव, फोन नंबर, तारीख, निष्पत्ती. फोन पालकाला करायचा म्हणून पालकाचं नाव. पत्ता मुद्दाम गाळला, कारण एक तर पानावर मावत नव्हता आणि दुसरं म्हणजे घरांचे पत्ते टेबलावर उघडे पडू नयेत. निष्पत्तीसाठी आकडे ठरवले. बोलणं झालं तर एक, उचलला नाही तर दोन, नंबर चुकीचा असेल तर तीन, बंद असेल तर चार.

तिसऱ्या दिवशी ताईंनी तक्ता माझ्यापुढे ठेवला. "बाई फोनवर रडली. त्याला कुठला आकडा?"

"बोलणं झालं ना? मग एक."

"बोलणं कुठे झालं? रडणं झालं."

मी एकच लिहिला. ताईंनी मात्र स्वतःची एक वही काढली आणि तक्त्यात न मावणारं सगळं त्यात लिहायला लागल्या. एका घरात तीन मुलं आणि एक फोन. ताईंनी त्या आईला वेळ वाटून दिला, सगळ्यात धाकटं सकाळी, मधलं दुपारी, मोठ्याने रात्री वहीतून उतरवून घ्यायचं. एक आजोबा समजत होते की शाळा टीव्हीवर लागते आणि आपला टीव्ही बिघडलाय म्हणून नातू मागे पडतोय. एक बाई बोलायलाच घाबरत होती, फोन आला म्हणजे शाळा मुलाला काढणार. ताई तिला म्हणाल्या, "अगं, मी गाडीची. मी पोरांना आत घेते, बाहेर काढते फक्त त्यांच्या घरापाशी." बाई हसली म्हणे.

ताईंचं घर म्हणजे नवरा, सासू आणि एक शिलाई मशीन. मूलबाळ नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "रोज बावन्न असतात, संध्याकाळी परत करते." गाडीत त्यांचा एक नियम होता. लहान वर्गातलं मूल रस्त्यावर सोडायचं नाही, घरच्या मोठ्या माणसाच्या हातात हात द्यायचा. घरचं कोणी आलेलं नसेल तर गाडी थांबेल. ड्रायव्हर कितीही कुरकुरला तरी थांबेल. पोरांची नावं त्यांच्या डोक्यात नव्हती, थांबे होते. दुसऱ्या थांब्याचा ढोल्या, सातव्याच्या जुळ्या, नवव्याचा उलटी करणारा.

आणि अकराव्या, शेवटच्या थांब्याची खारूताई.

तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं. "भाऊसाहेब, खारूताईचं काय झालं हो? तिसरीतली. सारखी काहीतरी कुरतडत असते, पेन्सिल नाहीतर बिस्किट. एकटीच उतरते शेवटच्या थांब्याला. तिचं घर लागलं का तुमच्या फोनला?"

"नाव काय?"

"खारूताई."

"आपल्या रजिस्टरात खारी नाहीत," मी म्हणालो. वर हसलोही. "नाव आणा, लगेच बघतो."

थांब्यांचा कागद ड्रायव्हरकडे होता. ड्रायव्हर गावी गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. तिसरीच्या तीन तुकड्या, सव्वाशे मुलं. ताईंनी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मी प्रत्येक वेळी नाव मागितलं. बसून सव्वाशे पत्ते वाचायला मला एक तास लागला असता. तो तास मी काढला नाही.

त्यातच संस्थेचं पत्र आलं. शाळेत काही जागा मोफत असतात आणि त्यांच्यासाठी बाहेर मोठी प्रतीक्षायादी असते. पत्रात लिहिलं होतं, सलग तीन महिने ज्या कुटुंबाशी कोणताही संपर्क झालेला नाही, त्या मुलाची मोफत जागा रिकामी समजून पुढच्या मुलाला द्यावी. यादी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पोचली पाहिजे.

ताईंनी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे ज्यांना आपण शोधू शकलो नाही, त्यांना आपण काढणार?"

"संपर्क झाला की प्रश्नच मिटतो."

"तुमचा मिटतो," त्या म्हणाल्या आणि कपाटाची मूठ धरून पुन्हा उभ्या राहिल्या.

त्रेचाळीसमधली बहुतेक घरं त्या बाईने एकटीने शोधली. चुकीच्या नंबरवाल्याला गोड बोलून खरा नंबर काढला, किराणा दुकानदाराला निरोप सांगितला, एकीच्या नणंदेच्या शेजारणीपर्यंत गेल्या. मोफत जागांपैकी शेवटच्या सोमवारी चार घरं राहिली, बुधवारी दोन आणि शुक्रवारी सकाळी एक. अनुक्रमांक सतरा. त्याच्यापुढे दोन, दोन, दोन असे अकरा दोन लिहिलेले. फोन पूर्ण वाजायचा, कोणी उचलायचं नाही. ताई त्या माणसावर चिडल्या होत्या. "काय माणूस आहे! लेकराची जागा चाललीय आणि हा फोन खिशात घालून मजेत फिरतोय."

शुक्रवारी दुपारी पावणेचार वाजता मी जागा रिकामी झाल्याचं पत्र तयार करायला घेतलं. ते घरी टपालाने पाठवायचं असतं, म्हणून पहिल्यांदाच मी रजिस्टरातून सतरा क्रमांकाचा पत्ता काढला आणि टाइप करता करता सवयीने पुटपुटलो. "पाण्याच्या टाकीमागे, खोल्यांची दुसरी रांग, शेवटून पहिली खोली."

कपाटाची मूठ कडकन वाजली.

"काय वाचलंत?"

मी पुन्हा वाचलं.

"टाकीमागे माझं एकच पोर उतरतं, भाऊसाहेब." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फोनवर बोलण्याइतका हळू झाला. "ती खारूताई आहे. आणि तिच्या बापाला ऐकू येत नाही."

मी टाइप करायचं थांबवलं.

"जन्मापासून येत नाही. बोलताही येत नाही. आई नाही तिला. रोज तोच घ्यायला येतो. मी पोरीचा हात त्याच्या हातात देते, तो माझ्या तळहातावर दोनदा थोपटतो. चार वर्षं असंच चाललंय. त्याचं नाव मला कुठून माहीत असणार? आमचं बोलणं कधी नावापर्यंत गेलंच नाही." मग त्यांनी तक्ता उचलला आणि अकरा दोनांवर बोट ठेवलं. "मी ज्याला ऐकू येत नाही त्याला अकरा वेळा फोन केला. आणि वर त्याला शिव्या दिल्या."

मी स्कूटर काढली. ताई मागे बसल्या. माझ्या स्कूटरवर परकी बाई बसण्याची ही पहिलीच वेळ, पण तेव्हा ते सुचलंही नाही. रस्ते रिकामे होते, दुकानांची शटरं अर्धी खाली. दोन ठिकाणी बांबू आडवे बांधले होते, तिथून वळसा. टाकीपाशी पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. ताई स्कूटर पुरती थांबायच्या आत उतरल्या.

शेवटून पहिल्या खोलीला कुलूप होतं.

शेजारच्या पायरीवर एक बाई शर्टांना बटणं लावत बसली होती. तिच्या एका बाजूला शर्टांचा ढीग, दुसऱ्या बाजूला डब्यात बटणं. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोण पाहिजे?"

"आम्ही शाळेतून आलो," मी म्हणालो.

"शाळेतून?" तिने दाताने दोरा तोडला. "आत्ता पाय फुटले होय शाळेला?"

ताई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "माझी पोरगी कुठेय, वहिनी?"

"तुमची?"

"शाळेच्या गाडीतली बाई मी."

ती बाई जरा निवळली. "ताई म्हणायची ती तुम्ही होय. मंगळवारीच गेली हो. कारखाना बंद झाला, तो दूर कुठेतरी वीटभट्टीवर लागला, पोरीला बहिणीकडे ठेवलं. बहिणीचं गाव कुठलं ते मला नाही माहीत. त्याला विचारणार कसं, आणि पोरीला सांगता येईना."

"फोन का उचलत नव्हते ते?" माझ्या तोंडून गेलं. उत्तर माहीत असूनही.

"फोन दिवसभर त्याच्यापाशी. कामाला जाताना पिशवीत. त्याला कसला ऐकू येतोय? मुकादम दोनदा रिंग देऊन कापायचा, म्हणजे उद्या काम आहे. हातात असला आणि थरथरला तर कळायचं. संध्याकाळी घरी आला की पोरगी फोन बघायची. शाळेचा नंबर दिसला की लगेच उलटा लावायची, इथेच या पायरीवर बसून. आत रेंज येत नाही."

"उलटा लावायची?" ताई म्हणाल्या.

"रोज. तो सहाला यायचा, सव्वासहाला ही इथे. वाजायचा हो, लागत नाही असं नाही. कोणी घ्यायचंच नाही. शेवटी शेवटी तर तुमचा आलेला नसला तरी लावायची." बाईने सुईत दोरा ओवला. "मला म्हणाली, काकू, शाळेलापण बाबांसारखं ऐकू येत नाही वाटतं."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आमचं कार्यालय पाचला बंद होतं. कार्यालयाचा मोबाइल मी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावतो, तो बाहेर न्यायचा नाही असा नियम मीच केला आहे. सकाळी ड्रॉवर उघडला की पडद्यावर रात्रीच्या न उचललेल्या फोनांची रांग असायची. सुरुवातीला मी दोन-चार नंबर लावून पाहिले, कोणी विमा विकत होतं, कोणी चुकून लावला होता. मग मी रोज सकाळी, चष्मा पुसतो तशी, ती रांग पुसून टाकायला लागलो. दिवस कोरा सुरू झालेला मला बरा वाटतो. त्या रांगेत एकच नंबर रोज सव्वासहाला येत होता, हे बघायलाही मी थांबलो नाही.

परत पोचलो तेव्हा पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यातच भेटल्या. "यादी पाचला पाठवली मी. तुम्ही टेबलावर तयार ठेवलेलीच होती. दरवेळसारखी."

मी सगळं सांगितलं. त्या आमच्यासोबत कार्यालयात आल्या. लगेच संस्थेला फोन लावला, पण संस्थेचंही कार्यालय पाचला बंद होतं.

ताईंनी ड्रॉवरकडे बोट दाखवलं. "फोन काढा. तिचे आलेले फोन दाखवा, म्हणजे पुरावा झाला. तिने संपर्क केलाय. रोज केलाय."

तेव्हा मला ते बोलावं लागलं. "नाहीत, ताई. मी रोज सकाळी पुसत होतो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "सगळे?"

"सगळे."

"किती असतील?"

"कळायला मार्ग नाही."

त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. सव्वासहा वाजून गेले, फोन वाजला नाही. मंगळवारनंतर तो वाजणारच नव्हता. साडेसहाला ताई उठल्या, मूठ धरली आणि सतरा क्रमांकाचा नंबर लावला. चार रिंगनंतर तो उचलला गेला.

मी स्पीकर सुरू केला. पलीकडे कोणी बोलेना. वारा, लांबवर एखादं यंत्र, आणि जवळ माणसाचा श्वास. त्याने फोन कानाला लावला होता की नुसता हातात धरला होता, कोण जाणे.

"दादा," ताई म्हणाल्या. "मी गाडीतली. पोरीला सांगा ना, मी फोन केलाय. दादा, तिची जागा चाललीय हो." त्यांना ठाऊक होतं त्याला ऐकू जात नाही. तरी त्या बोलत राहिल्या, गाडीतल्या मोठ्या आवाजात. पलीकडून घशातून एक आवाज आला, प्रश्नासारखा. मग फोन बंद झाला.

ताईंनी डोळे पुसले आणि पुन्हा लावला. एक रिंग गेली की कापला, पुन्हा लावला, पुन्हा कापला. "मुकादमाचं दोनदा वाजतं ना? माझं सात वेळा वाजू दे. त्याला कळेल हे काम नाही, दुसरं काहीतरी आहे." सात वेळा झाल्यावर त्या थांबल्या. "आता तो पोरीला भेटायला कधी जातो, त्यावर आहे."

शनिवारी सकाळी मी संस्थेला लेखी कळवलं. चूक माझी आहे, मुलीने वारंवार संपर्क केला होता, नोंदी मी पुसल्या. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं फोनपाशी थांबलो. काही झालं नाही. रविवारी मी कार्यालय उघडलं, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. सहा वाजून अठरा मिनिटांनी फोन वाजला.

"हॅलो, शाळा का?"

"खारे, मी ताई."

पलीकडून, "ताई, गाडी सुरू झाली?"

"नाही गं राणी. अजून नाही."

"मग तुम्ही फोन का उचलत नव्हता?"

ताईंनी फोन माझ्यापुढे धरला. "तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

मी घेतला. "बाळा, चूक माझी झाली. मी कार्यालयातला."

"नाव लिहितात ते?"

"हो. तेच."

"मग माझं लिहून ठेवा. मी येणार आहे. बाबांचं काम संपलं की येणार आहे."

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

संस्थेचं उत्तर बुधवारी आलं. पत्र सभ्य होतं. यादीनुसार जागा सोमवारीच पुढच्या मुलाला देण्यात आली आहे, त्याच्या पालकांनी होकार कळवला आहे, आता बदल शक्य नाही. सदर मुलीचं नाव प्रतीक्षायादीत घ्यावं. त्या पुढच्या मुलाचाही बाप भाजी विकतो, त्यालाही कसं नाही म्हणायचं? मी पत्र ताईंना वाचून दाखवलं. "प्रतीक्षायादीत कितवी?" त्यांनी विचारलं.

"एकशे बारावी."

नव्या तक्त्यात मी दोन रकाने वाढवले, पत्ता आणि 'घरी फोन कोण ऐकतं'. ताईंनी तो हातात घेऊन बघितला. "रकाना चांगला आहे," त्या म्हणाल्या. "आधी सुचला असता तर आणखी चांगला होता." आणि कामाला लागल्या. बाकीची घरं होतीच.

खारूताईचं नाव आता कुठल्याच हजेरीत नाही. तरी बाप बहिणीकडे येतो त्या रविवारी तिचा फोन यायचा, आणि ताई उभ्या राहून तिला तिसरीचा धडा वाचून दाखवायच्या. मुख्याध्यापिकाबाईंना हे माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कार्यालयाची किल्ली रविवारी ताईंकडे असते. आतापर्यंत सहा धडे झाले. नदीवरचा धडा अर्धा राहिलाय, फोनमधले पैसे संपले म्हणून मधेच कटला, परत लावला तर बंद लागला.

त्याला आज पाच आठवडे झाले. ताई सतरा नंबरला रोज सात वेळा रिंग देतात. वाजतो, कधी बंद असतो. मी रोज सकाळी ड्रॉवर उघडतो आणि न उचललेल्या फोनांची रांग वरपासून खालपर्यंत वाचतो, एकेक नंबर परत लावतो. कालही त्यात दोन विमेवाले होते. आज रविवार. मी मघाशी चहा घेऊन आलो, तेव्हा ताई कपाटाची मूठ धरून उभ्या होत्या. पुस्तक नदीच्या धड्यावर उघडून पालथं ठेवलेलं.

"बसा ना जरा," मी म्हणालो.

"तिला घेतल्याशिवाय कशी बसू?" त्या म्हणाल्या. "गाडी थांबलीय ना."